खळीची बादली

मित्रांनो, मी एक जुनी जस्ती बादली आहे. माझा जन्म गाईंना पाणी पाजण्यासाठी झाला होता. पण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या गुल्वेन केरब्राच्या हाती पडले आणि राजकारणात शिरले.

गुल्वेन भला माणूस. झाडं वाचवा आणि ब्रिटनीचा कारभार ब्रिटनीच्या हाती द्या, एवढ्यासाठी तो गावच्या दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दरवेळी सपाटून आपटायचा. कचेरीसमोरच्या फळ्यांवर सगळे उमेदवार आपापली पोस्टरं डकवतात. बाकीच्यांची खळ मैद्याची. गुल्वेनची मात्र आमच्या काळ्या गव्हाची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची. या पिठाची घावनं फार सुरेख होतात, पण चिकटपणा बेताचाच. पहिल्या सरीला गुल्वेनचा हसरा चेहरा गटारात! "मतदानाआधीच पडला बघा," लोक म्हणायचे. मला फार वाईट वाटे.

एका वर्षी सरपंचांनी ठरवलं, वेशीवरचे जुने ओक तोडून मोटारींसाठी तळ करायचा. पंचायतीत एक मत फिरलं, तर झाडं वाचणार होती.

"या खेपेला मैदा घाल," त्याची बायको सोआझिग म्हणाली.

"पॅरिसकडच्या मैद्याने ब्रिटनीचं स्वातंत्र्य चिकटवू? अगं, काहीतरीच काय!"

"ते ओक पडले ना, तर तुझं हे काळं पीठ तुलाच खायला घालीन. कच्चं!"

गुल्वेन बूट चढवायला गेला. तेवढ्यात सोआझिगने माझ्यातली खळ ओतून दिली, मैद्याची भरली आणि वरून रंगापुरतं मूठभर काळं पीठ भुरभुरलं. मी हूं की चूं केलं नाही.

वादळ आलं, पोस्टर हललं नाही. गुल्वेन थोडक्या मतांनी निवडून आला आणि पंचायतीतल्या त्याच्या मताने ओक वाचले. विजयाच्या सभेत मला उंच धरून तो गरजला, "आपल्या मातीचं पीठ शेवटी चिकटलंच!" सोआझिगने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मग मी गोठ्यात धूळ खात पडले. परवा गुल्वेन मला घरात आणून घासायला बसला. वरचा करडा थर निघाला आणि खाली पांढऱ्याशुभ्र गुठळ्या दिसल्या. त्याने सोआझिगकडे पाहिलं. ती निवांत घावनं उलथत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. ही बादली घासायची नाही," तो म्हणाला. त्याने माझ्यात माती भरली आणि ओकचं बी पेरलं.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, मायेने वापरा. फक्त त्यांना तळापर्यंत खरवडू नका.