मैया उजव्या हाताला

"मैयाला उजव्या हाताला ठेवजो, अंजनी. अन् काही झालं तरी ओलांडू नको."

सासूबाईंचं मला नीट ऐकू आलेलं हे शेवटचं बोलणं. नर्मदेची परिक्रमा त्यांनी बोलली होती. ग्वारीघाटावर संकल्प सोडून बाटलीत पाणीही भरलं होतं, पण गुडघे उचलेनात. ती बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी हो म्हटलं. नदी उजवीकडे ठेवून उगमापर्यंत जायचं, तिथून वळसा घालून पलीकडच्या काठानं समुद्रापर्यंत, आणि मग या काठानं पुन्हा आपल्या घाटावर. तोवर तिला ओलांडायचं नाही. ओलांडली की आधीचं चालणं सगळं फुकट.

मी दर थंडीत थोडी थोडी चालत असे. जिथं थांबले तिथून याच काठानं बसनं घरी यायचं, पुढच्या वर्षी तिथूनच पुढे. मंडला झालं, दिंडोरी झालं. अमरकंटक जवळ आलं होतं.

पण इकडच्या आमच्यासारख्या मराठी घरांतल्या बायकांची माहेरं नागपूरकडे, आणि नागपूरचा रस्ता तिलवाऱ्याच्या पुलावरून मैया ओलांडून जातो. माझं माहेर काटोलचं. आई जास्त आहे, लवकर ये, असा माझ्या भावाचा, बळीरामचा, फोन आला तेव्हा मी पिशवी भरली होती. यांनी ती माझ्या हातून काढून घेतली.

"माझ्या आईला शब्द दिला ना तू? मग काहून डगमगून राहिली? मी जाऊन येतो."

हे गेले. माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी जावयानं घातलं. त्यानंतर लग्नात, बारशात, कमानिया गेटच्या सराफाच्या दुकानातसुद्धा हे सांगत, "आमची ही आईच्या मातीला गेली नाही. व्रत म्हणतात ते असं!" लोक मला हात जोडत. मी मान खाली घालून बसत असे. लोकांना तो विनय वाटायचा.

नोकरीतून मोकळे झाल्यावर यांना बोटीचं वेड लागलं. यांना आणि माझ्या दिराला, नथ्थूला. दोघं रविवारी गळ टाकून बसत. आता म्हणे केबिनवाली बोट घेऊ, जुनी का असेना, मैयावरच्या बरगीच्या धरणात सगळ्या घराला फिरवू. रिछाईत कारखाना असलेले एक भय्यासाहेब होते, ते त्यांची बोट विकत होते.

"मला नका नेऊ," मी म्हटलं. "बरगीनगरला जायचं तर पूल लागतो."

"अगं, बोट या काठाला आहे. मंडल्याच्या रस्त्यानं जायचं. अन् काठालाच बांधलेली राहील. बाईमाणसाला आत बसता येते का, चहापाणी करता येते का, एवढं पाहून दे. मैयाची शपथ, हलवत नाही."

म्हणून गेले.

बोट पांढरी होती, कडेनं पिवळी पडलेली. भय्यासाहेब मोठ्या हौसेनं दाखवत होते. "देखिए भाभीजी, दो जने आराम से सो जाएँ. ये मछली का बक्सा, ये स्टोव की जगह." नथ्थूनं हातोडीच्या दांड्यानं बुडाशी ठोकून पाहिलं, तोंड वाकडं केलं.

"इथं भोक बुजवलं आहे, भय्यासाहेब."

"अरे भैया, भोक कहाँ, वो तो नज़र का टीका है!"

सगळे हसले. मीही हसले. मग वाकून आत गेले. बाकांवर फोमच्या गाद्या, खिडक्यांना निळे पडदे, आणि माशांचा वास सगळ्याच्या आत मुरलेला. मी पडदे सरकवून पाहिलं. बाहेर आमची जीप उभी होती, तिच्या मागे पिंपळ.

माझा जप व्हायचा होता. जप होईस्तोवर मी पाणी घेत नाही, आणि माळ हातात असेस्तोवर डोळे उघडत नाही, बोलत नाही. हा माझा रोजचा नेम, लग्नाआधीपासूनचा.

"आतच बस ना," हे म्हणाले. "सावली आहे. आम्ही इंजिन चालू करून पाहतो, बांधल्या बांधल्या." आणि पडदे ओढून घेतले. ऊन लागू नये म्हणून, असं मला वाटलं.

इंजिन सुरू झालं. बाक थरथरला. मग बोट डुलायला लागली. मला कळलं की ती सुटली आहे. माळ अर्ध्यावर होती. ओठांवर आलं होतं, अहो, थांबवा. पण माळेत बोलायचं कसं? आणि यांनी शपथ घेतली होती. काठाकाठानं एक चक्कर मारत असतील. मणी सोडू नको, मी स्वतःला म्हटलं, मेरूमण्यापर्यंत जाऊ दे. गेली सगळी वर्षं मी असाच एक नेम धरून दुसऱ्यावर विश्वास टाकत आले.

माळ डोळ्यांना लावली तेव्हा इंजिन बंद झालं होतं. पडदा सरकवला. समोर सागवान, चिखल, आणि एक बगळा. जीप नव्हती. पिंपळ नव्हता. मी दुसऱ्या बाजूचा पडदा सरकवला. पाणीच पाणी, आणि त्याच्या पार पलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी, आमची जीप.

बाहेर आले तर नथ्थू गळ टाकून बसला होता.

"वहिनी, इथं मासा लई आहे म्हणतात. एक डाव पाहून घेतला."

मी यांच्याकडे पाहिलं.

"तोंड काहून असं करून राहिली?" हे म्हणाले. "हे धरणाचं पाणी आहे, सरकारचं. मैया कुठे आहे यात?"

"मैया आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

"बरं, आहे. मग? मला वाटलं तू डोळे मिटून आहेस. तुला कळलंच नसतं तर मोडलं असतं का? सांग ना. तूच डोकावली."

नथ्थूनं दोरी गुंडाळत म्हटलं, "अन् आता वापस जाऊनच राहिलो ना आपण! गेलो अन् आलो, बराबर. प्लस-मायनस झीरो."

भय्यासाहेबांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "भाभीजी को बोट पसंद आई?"

"अच्छी है," मी म्हटलं. "परदे अच्छे हैं."

परत येताना मी उघड्यावर, उन्हात बसले. यांची आई वारल्यापासून ती बाटली देवघरात होती, दर थंडीत माझ्यासोबत चालली होती. घरी आल्यावर मी ती देवघरातून काढून खिडकीत ठेवली. यांनी विचारलं नाही. बोट घेतली.

आता मला अडवणारं काही नव्हतं, म्हणून मी काटोलला गेले. बस तिलवाऱ्याच्या पुलावर आली. सगळे नाणी टाकत होते, मी डोळे मिटून घेतले नाहीत. बळीराम अंगणात तुरी निवडत बसला होता. त्यानं वर पाहिलं, पुन्हा सुपात पाहिलं.

"आता काहून आली?"

मी काय सांगणार होते? बोट पाहायला गेले होते म्हणून? मी त्याच्याजवळ बसून तुरी निवडू लागले. आईची खाट मागच्या पडवीत उभी करून ठेवली होती. संध्याकाळी वहिनीनं चहा दिला, पाहुणीला देतात तसा, बशीत बिस्किटं घालून.

देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीला बोटीची पूजा ठरली. परिक्रमाही त्याच दिवसापासून उचलतात, हे यांच्या ध्यानात नव्हतं. बोटीला हे आपल्या आईचं नाव देणार होते, सुमन. नारळ माझ्या हातानं फोडायचा होता, कारण माझा हात व्रताचा.

पहाटे मी बाटली घेतली, दोन पातळं, घोंगडी, माळ. या खेपेला तुकड्यातुकड्यानं नाही. मागच्या वेळी दर खेपेला मी परत येत होते ती यांच्या पोळ्यांसाठी.

"कुठे चालली?" हे पांघरुणातूनच म्हणाले.

"मैयाकडे."

"लवकर ये. दहाला निघायचं आहे पूजेला."

रोज जाते तशीच जात असेन, असं समजून यांनी कूस बदलली. मी खोटं काही बोलले नव्हते.

ग्वारीघाटावर दिवे सोडणाऱ्या बायका आल्या होत्या. मी जुनं पाणी हळूच नदीत ओतलं, बाटली विसळली आणि पुन्हा भरली. संकल्प सांगणाऱ्या गुरुजींनी नाव विचारलं, ते दिलं. कोणासाठी, असंही विचारलं. सासूबाईंचं नाव घेतलं, मग थांबून आईचंही.

"नर्मदे हर," ते म्हणाले.

मी पायऱ्या चढून वर आले आणि पूर्वेला वळले. नदी उजव्या हाताला होती.