वीजघरातलं चाक

सकाळपासून लेंड्यांचं चौथं घमेलं भरत होते मी. जुन्या वीजघराच्या फरशीवर शेळ्यांची, वटवाघळांची आणि कोपऱ्यात माणसांचीही घाण. नाकाला पदर बांधला तरी वास आत शिरत होता. तीस वर्षं गावानं हे घर नासवलं, आणि आता पर्यटन खात्याचे साहेब येणार म्हटल्यावर सगळ्यांना स्वच्छता सुचली होती.

माझे सासरे मात्र इथलेच जुने यंत्रचालक. वीजघर बंद पडलं तरी दर सोमवारी यायचे, तेल घालायचे, पाण्यावर चालणारं मोठं चाक हातानं पाव फेरा फिरवून खडूनं खूण करायचे. एकाच जागी राहिलं तर चाकाचा दांडा वाकतो म्हणायचे.

साहेब आले. सोबत सरपंच, तोंडात साखर घोळवत.

“लग्नाचं कार्यालय करू, साहेब. नवरानवरी चाकापुढं उभी, फोटो झकास!”

मामंजी पुढं झाले. “साहेब, वीज नको तर राहू द्या. नुसता कालव्याचा वरचा दरवाजा उघडा. पट्टा लावून चाकाला पंप जोडतो, वरच्या शेतांना पाणी चढेल. ही माझी सून रोपांना डोक्यावरून हंडे वाहते हो.”

“छान कल्पना, आजोबा. पण इथं हॉटेल ठरलंय. चाक ठेवू की शोभेला!”

महिन्यात चाकाला सोनेरी रंग बसला. कुणाचा हात अडकू नये म्हणून दांडा वेल्डिंगनं चौकटीला जोडून टाकला. सोमवारी मामंजींनी तेलाचं भोक शोधलं, ते रंगानं बुजलेलं. दोन्ही हातांनी रेटा दिला, चाक हललं नाही. मला त्या सोनेरी रंगाची किळस आली. लेंड्या निदान झाडून टाकता येत होत्या.

उद्घाटनाला भाषण रंगलं आणि दिवे गेले. डिझेलचा जनरेटर लावला, तर दालनात धूरच धूर. पाहुणे खोकत बाहेर पळाले. खाली कालव्याचं पाणी धो धो वाहत होतं.

साहेबांनी रुमालाआडून हाक मारली. “आजोबा, तुम्ही जाणकार. काही करता येईल का?”

“आलं असतं. दांडा मोकळा असता तर.”

मामंजींनी खिशातला खडू काढून साहेबांच्या हातावर ठेवला.

“आता सोमवारी तुम्हीच येत जा.”

मी सरपंचानं अंथरलेल्या गालिच्यावर थुंकले, दाराशी ठेवलेला भरला हंडा उचलला आणि मामंजींच्या मागून चढाला लागले. रोपं सकाळपासून तहानलेली होती.