बाकाखालचा अंगठा

"शी! शी! शी!" भिंगरीने हात झटकन मागे घेतला आणि बोटं अशी लांब धरली, जणू ती तिची नव्हतीच. "आत्या, ताजं च्युइंगम! अजून ओलं आहे गं!"

"मग पुढचं बाक बघ," आत्या म्हणाली.

हे उद्यान कुणाच्या गावीही नव्हतं. कारंज्यात शेवाळ, शेवाळात पिशव्या, आणि वास असा की नाकाने राजीनामाच द्यावा. पण एकेकाळी इथे लोखंड ओतायचा कारखाना होता. तो बंद पडला, जागेवर बाग झाली, तेव्हा कामगारांनी उरलंसुरलं लोखंड वितळवून तिच्यासाठी बाकं ओतली. आत्याचे बाबा, म्हणजे भिंगरीचे आजोबा, त्यांतलेच एक. आपल्या बाकाच्या वाळूच्या साच्यात त्यांनी गुपचूप अंगठा दाबला होता. तिथे लोखंड भरलं आणि बाकाच्या पोटाशी अंगठ्याएवढा उंचवटा उठला.

उद्या सगळी बाकं भंगारात जाणार होती. आत्याला त्याआधी एकदा त्या उंचवट्यावरून हात फिरवायचा होता. पण गुडघे वाकत नव्हते, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. म्हणून वाकायला भिंगरी! आणि बाकांखाली उंचवट्यांना काय तोटा? अख्ख्या शहराने चघळून चघळून तिथेच तर चिकटवलं होतं.

"नखाने टोच. मऊ लागलं तर सोड."

"आणि वाळून दगड झालं असेल तर?"

"तर खरवड."

"तू माझी सख्खी आत्याच आहेस ना नक्की?"

फाटकावरून रखवालदाराने शिट्टी मारली. "चला, आवरा! बंद करायचंय!"

भिंगरीने नाक दाबलं, केसांतली पिन काढली आणि ती कबुतरांनी पांढरंशुभ्र करून टाकलेल्या बाकाखाली शिरली. एक करडी ढेप. पिन घातली तशी टक्कन खपली उडाली. आत लोखंड होतं, गोलसर, थोडं तिरकं, टोकाला नखाची बारीक कडा.

"सापडलं!"

आत्या बाकावरच्या त्या घाणीतच खुशाल बसली. भिंगरीने तिचा हात धरून खाली नेला. आत्या किती तरी वेळ बोट फिरवत राहिली.

"डावा आहे," ती म्हणाली. "उजव्या हातात काम असायचं ना त्यांच्या." मग हळूच, "उद्या वितळवतील हो हे."

पुन्हा शिट्टी. भिंगरीचं लक्ष पायापाशी पडलेल्या खपलीकडे गेलं. वरच्या बाजूला कुणाच्या तरी दाढांचे ठसे. याक्! पालथी केली तर आतून खळगा, गोलसर, थोडा तिरका, टोकाला नखाची कडा.

भिंगरीने नाक मुरडलं. तरी तिने ती दोन बोटांत उचलली आणि आत्याच्या तळहातावर ठेवली.

आत्याने खळग्यात अंगठा घातला. तिचा चेहराच बदलला. "अगं, हा तर साचा! बाबांनी दाबला तस्साच!"

"आत्या, ते कुणीतरी चघळलेलं आहे!"

"असू दे. रुमाल आण तुझा."

"माझा?"

"स्वच्छ आहे म्हणून मागतेय."

भिंगरीने डोळे मिटले, श्वास रोखला आणि परक्याचं उष्टं च्युइंगम आपल्या इस्त्रीच्या रुमालात बांधून दप्तरात ठेवलं. डब्यापासून शक्य तितकं लांब.