कोण, कुठे, काय करतं

अडीच वर्षांची झाली तरी अनुजा एक शब्द बोलत नव्हती. कणकवलीच्या डॉक्टरांनी कान तपासले, ठीक म्हणाले. "घरात तिच्याशी भरपूर बोला."

घरात बोलणार कोण? तिचा बाबा, सर्वेश, जहाजावर नोकरीला, गणपतीपर्यंत येणार नव्हता. तोंडवलीच्या घरात मी आणि ती. मला मुळात बोलायची सवय कमी. दुपारपर्यंत माझी वाक्यं संपायची. हा चमचा. ही वाटी. मग नुसती तिच्या ओठांकडे बघत बसायचे.

कॉलेजात शिकलेलं थोडं आठवलं आणि लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम लिहिला. कोण, कुठे, काय करतं, मधूनच केव्हा, असे तिच्या ओळखीचे शब्द भरले. तो त्यातून वाक्य जुळवायचा आणि मोठ्याने म्हणायचा. मांजर विहिरीवर झोपते. आजी होडीत भात वाढते. व्याकरण चोख, आणि संपणं नाही. मी मासे साफ करायचे, तो बोलत असायचा. कधी कधी मीच हुंकार द्यायचे.

शेजारच्या फेलिसिदाद आंटी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावल्या. "कोण पावणो ईलो गो? सकाळधरनं बडबडता."

"पावणो नाय आंटी, कॉम्प्युटर. अनुजासाठी."

"माका वाटला तुझो घोव ईलो. मगे म्हटलंय, तो इतक्या बोलणारो न्हय." हसल्या. "जरा दम घेवक सांग तेका. माझा डोक्या उठला."

डोकं माझंही उठलं होतं. मी दोन वाक्यांमध्ये थांबा घातला.

दुसऱ्या दिवशी कांदा चिरत होते. "मांजर अंगणात दूध पिते," लॅपटॉप म्हणाला आणि थांबला.

"व्हय," अनुजा म्हणाली.

सुरी हातातच राहिली. सर्वेश निघाला त्या दिवशी त्याच्या प्रवासासाठी देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. प्रत्येक मागणीमागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते, आणि ही त्याच्या खांद्यावर होती.

मी हललेही नाही.

"आजी विहिरीवर नाचते."

"व्हय."

प्रत्येक वाक्याला तसंच, तेवढ्याच ठसक्यात. समजून म्हणते की नुसतंच, तेच मला कळेना.

"बाबा आज घरी येतात."

"व्हय."

ती उठली. दारात जाऊन पायरीवर बसली, रस्त्याकडे तोंड करून.

शब्द सगळे मीच भरलेले. ‘बाबा’ही, ‘आज’ही.

आतून आवाज आला, मांजर होडीत झोपते. तिने मान वळवली नाही, व्हयही म्हटलं नाही. म्हणजे कळत होतं. कधीपासून, कोण जाणे.

मी लॅपटॉप मिटला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. पुढचं वाक्य मलाच जुळवायचं होतं.

"बाबा आज येवचे नाय, बाय."

मग थांबले.

"व्हय," ती म्हणाली, अगदी हळू. पण उठली नाही. मीही नाही.