तीच गोळी

पालघरच्या डॉक्टरनं खचलेल्या मनावर शकूला जी गोळी दिली, तीच आदल्या वर्षी तिच्या जावेला, वत्सलाला दिली होती. वत्सला महिनाभरात सावरली, बोंबील वाळत घालताना पुन्हा पहिल्यासारखी भांडायला लागली. शकू मात्र आठवड्यातच आडवी झाली. तोंडाला कोरड, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार. चिंचणीच्या किनाऱ्यावर ती भरल्या पाटीसकट कोसळली.

"मीबी तीच गोळी घेतली ना?" वत्सला म्हणाली. "तुला बरं व्हायचंच नाय."

घरात सगळ्यांनी तेच धरलं. नवराही बोलेनासा झाला.

पुढच्या खेपेला ती एकटीच पालघरला गेली. डॉक्टरांनी तिला बसवून, मग उभी करून रक्तदाब मोजला.

"काहींच्या शरीरातून हे औषध फार हळू बाहेर पडतं, म्हणून ते साचतं," ते म्हणाले. "पुष्कळदा हे आईबापांकडूनच येतं. माहेरी कुणाला असा त्रास?"

शकूनं मान हलवली. नाही. त्यांनी गोळी अगदी थोडी करून दिली.

परतताना ती बोईसरला उतरली. तिचा भाऊ विश्राम सालवडला खोलीत एकटाच राहायचा. दारू पिऊन मशीनजवळ पडला म्हणून कारखान्यानं त्याला काढलं होतं, बायको माहेरी गेली होती. शकूनं त्याला आपलं सगळं सांगितलं.

त्यानं उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मी दारू नव्हतो प्यालो, शके. गोळी व्हती. अशीच, मनाची."

"मंग सांगितलं का नाय?"

"वेडा म्हनण्यापरीस दारूडा बरा."

"मला तरी सांगायचं, दादा."

"तू तरी आजवर कुठं सांगितलंस?"

शेजारच्या खोलीत रेडिओ वाजत होता.

"चल माज्यासंगं. डॉक्टर आता कमी करून देतात गोळी."

"बघू," तो म्हणाला. जागचा हलला नाही.

थोड्या गोळीनं शकू हळूहळू माणसांत आली. एका सकाळी तव्यावरच्या मासळीच्या वासानं तिला भूक लागली, तिचं तिलाच नवल वाटलं.

"आता नीट घेतेस, म्हनून गुण आला," वत्सला म्हणाली. शकूनं समजावलं नाही. ज्याला कळलं असतं, त्याच्याकडे ती निघाली.

सालवडच्या खोलीला कुलूप होतं. शेजारचा कामगार म्हणाला, "वो तो वापी गया, काम ढूँढने." पत्ता त्याला ठाऊक नव्हता.

शकू उंबऱ्यावर टेकली. दादासाठी आणलेल्या डब्यातली भाकरी तिनं तिथंच, एकटीनं खाल्ली.