टर्कीची मान

कोल्बी रेनर हे नाव घेतलं की अजूनही माझं डोकं तापतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, आमच्या टेनब्रूक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू आधी याच्या हातात येणार, आणि तो कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे यानं तीन सेकंदांत ठरवायचं. तीन सेकंदांत! बर्गर घ्यायचा की सँडविच, हे ठरवायला या पोराला वीस मिनिटं लागतात. मी स्वतः रांगेत त्याच्या मागे उभा होतो.

पण खरं दुखणं कोच स्टॅमर. डाव कोणता खेळायचा ते बाहेरून तो सांगतो, आणि त्याच्याकडे डाव मोजून तीन. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात; पहिल्या प्रयत्नात डावीकडून धाव. दुसऱ्यात मधून धाव. दोन्ही फसले की तिसऱ्यात उजवीकडे आखूड पास. गोलरेषेजवळ पोचलो की डोळे मिटून मधूनच घुसायचं. त्यात कोल्बीची खोड अशी, की पास फेकायच्या आधी तो कमरेच्या टॉवेलला दोन्ही हात पुसतो. सगळ्या जगाला पत्र पाठवल्यासारखं! दर सोमवारी संध्याकाळी रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतात. तिथे अकरा आठवडे मी दोघांची सालटी काढत होतो. अख्खा तालुका ऐकायचा.

यंदा मला केल्सोची मॅच जिंकायचीच होती. केल्सो कॉलेज नदीपलीकडचं, आणि माझा मेव्हणा डेल तिथला. आमच्या घरात माझ्या वडिलांपासूनची रीत आहे. ही मॅच ज्याची, थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की कापायचा मान त्याचा. हरलेल्याच्या ताटात सगळ्यांत आधी टर्कीची मान वाढायची, आणि त्यानं ती सगळ्यांसमोर खायची. सलग नऊ वर्षं डेल माझ्या घरी, माझ्या टेबलावर, माझ्या वडिलांच्या सुरीनं टर्की कापतोय आणि मी मान चघळतोय. मान म्हणजे काय, नुसती हाडं. नववी मान खाल्ली तेव्हाच मी नोरीनला, माझ्या बायकोला, सांगून टाकलं होतं, "पुढच्या वर्षी मी ही खाणार नाही."

"मग जिंक," ती म्हणाली. जणू मीच खेळतो.

मॅचच्या आदल्या आठवड्यात डेल दोन तिकिटं घेऊन आला. "तुझ्या वाढदिवसाची भेट. तिसरी रांग, मैदानाला अगदी चिकटून. तुमच्या त्या बाजूला डोळ्यांवर ऊन येतं."

"ही तर तुमच्या लोकांची बाजू!"

"घाबरतोस?"

मी कशाला घाबरतोय? शत्रूच्या गोटात बसून ओरडायचं, यासारखं सुख नाही.

शनिवारी दुपारी हाडं गोठवणारी थंडी होती. समोरच्या बाजूला आमची माणसं, चेंडू आमच्याकडे असला की चिडीचूप. आपल्या पोरांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून आपल्या लोकांनी गप्प राहायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. पण स्टॅमरनं पहिल्याच प्रयत्नात डावीकडे बोट केलं आणि माझा तोल गेला.

"डावीकडून धाव! बघा, डावीकडूनच!"

डावीकडूनच. एक यार्डही सरकलो नाही.

"आता मधून! आंधळाही सांगेल!"

मधूनच. आमचा पोरगा चौघांच्या खाली गाडला गेला.

"हात पुसले! पास! उजवीकडे!"

पास जमिनीवर. नोरीननं बाही ओढली. "लाइल, खाली बस. घसा बसेल."

"मला कळतं ते त्या पगारी गाढवाला कळत नाही, त्याला मी काय करू?"

असं साडेतीन तास चाललं. माझा एकही अंदाज चुकला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमानही वाटत होता. आमच्या बचावानं आणि केल्सोच्या चुकांनी कशीबशी लाज राखली. शेवटी आम्ही फक्त चार गुणांनी मागे, गोलरेषा एका यार्डावर, ती ओलांडली की सहा गुण, वीस सेकंद बाकी, आणि शेवटचा प्रयत्न.

तेव्हा नोरीन हळूच म्हणाली, "लाइल, तो लाल टोपीवाला तुझ्याकडे का बघतोय?"

आमच्या पुढ्यातच केल्सोचा बाक होता. त्यांच्या बचावाचा कोच, लाल टोपी, मैदानाकडे पाठ करून सरळ माझ्याकडे बघत होता. त्यानं कानामागे हात धरला, आणि भुवया उडवल्या. बोला, आजोबा.

साडेतीन तास मी त्यांना आमचे डाव सांगत होतो! कोल्बी आपटत होता, मार खात होता, उठत होता, आणि प्रत्येक वेळी मीच त्याला पाडत होतो.

पण मग डोक्यात वीज चमकली. ऐकतोयस ना? मग ऐक. अकरा मॅचमध्ये गोलरेषेवर स्टॅमरनं एकदाही पास खेळला नव्हता. एकदाही नाही. मधूनच घुसणार. मी छाती भरून घेतली आणि उभ्या आयुष्यात ओरडलो नव्हतो तसा ओरडलो, "पास! उजवीकडे पास!"

लाल टोपीनं हात फिरवले. केल्सोची पोरं उजवीकडे सरकली. मध्ये एवढी जागा झाली की माझी म्हातारी शेवरलेसुद्धा निघाली असती.

आणि कोल्बीनं टॉवेलला दोन्ही हात पुसले.

"नको," मी म्हणालो. "अरे नको, नको रे!"

पास सुंदर होता. लांब हात, स्वच्छ फेक, वर्षातली सर्वांत उत्तम. केल्सोचा पोरगा आधीच तिथे उभा होता. त्यानं तो झेलला आणि पळत सुटला. अकरा आठवडे मी त्या स्टॅमरच्या नावानं शंख केला, की बाबा, एकदा तरी वेगळं काही कर. त्यानं केलं.

कोल्बी गुडघ्यांवर बसून राहिला. समोरची आमची माणसं त्याला जे ओरडत होती, ते सगळे माझे रेडिओवरचे शब्द होते.

सोमवारी मी फोन केला. रेडिओवाला खुशीत. "बोला लाइलकाका! आज कोल्बीची चटणी की लोणचं?"

"पोराची चूक नाही," मी म्हणालो. "डाव मी फोडले." मग सगळं सांगितलं, तिसरी रांग, लाल टोपी, सगळं.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मंडळी, हरल्याचा धक्का बसलाय काकांना! पुढचा फोन घेऊ." पुढच्यानं कोल्बीला कॉलेजातून काढा म्हटलं. त्याच्या पुढच्यानं तर त्याच्या आईलाही सोडलं नाही. मी रेडिओ बंद केला. दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

गुरुवारी टर्की टेबलावर आली. डेलनं सुरी परजली, दोनदा पुसली, आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरली.

"सोमवारी ऐकलं मी," तो म्हणाला. "कुणाचा विश्वास बसला नाही ना?"

"तुझा बसला?"

"मी उगाच तिसरी रांग घेतली का? सोळा वर्षं तुझा घसा ऐकतोय." तो हसत नव्हता. हसला असता तर बरं झालं असतं. "यंदा मॅच केल्सोला तू जिंकून दिलीस, लाइल. काप. हक्क तुझा."

वडिलांच्या सुरीची मूठ दहा वर्षांनी माझ्या हातात आली. नोरीन टेबलक्लॉथकडे बघत होती. मी टर्की कापली, पातळ, नीट, वडील कापायचे तशी. मग मान वेगळी काढली आणि माझ्याच ताटात वाढून घेतली.