कबऱ्याचा खांदा

ठिपका... पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. कबऱ्याच्या काळ्याशार बुबुळात तो नेमका कुठे ठेवला म्हणजे डोळा ओला दिसेल, हे तृप्तीला अजून सापडत नव्हतं — थोडा वर नेला की बैल चकित दिसे, थोडा बाजूला सारला की झोपाळू. आणि मग खालच्या पापणीला टेकताच पडद्यावरचा तो डोळा एकदम भरून आला. तिचाही आला. मेलं हे काम, असं स्वतःशीच म्हणत तिनं ओढणीनं नाक पुसलं.

लाखनीच्या हमरस्त्यावर तिचा हा फोटो स्टुडिओ. बाहेरून ट्रक गेला की काच, खुर्ची, पडदा सगळं बारीक थरथरे, आणि त्या थरथरीत तिला वाटे, कबऱ्या रवंथ करतोय. उन्हाळ्यात ट्रॅक्टर आला आणि बाबांनी कबऱ्याला सानगडीच्या एका माणसाला देऊन टाकलं. घरातला शेवटचा बैल. निघायच्या सकाळी तिनं हा एकच फोटो काढला होता — सपाट उजेड, मागे कुडाची भिंत, डोळ्यांवर माशा, आणि चौकटीबाहेर बाबा, पाठ फिरवून उगाच बादली धूत. उद्या पोळा. रिकाम्या गोठ्यात कसला पोळा करता, असं आई बोलून गेली आणि बाबांनी भरलं ताट बाजूला सारलं. तेव्हा तृप्तीच म्हणाली होती, मोठा फोटो करून देते, त्याचीच पूजा करा. आता बाबांना हा आपला कबऱ्या वाटला नाही तर... पुढचा विचार ती करतच नव्हती.

तिनं माशा पुसल्या. भिंत अंधारात ढकलली. उजेडात हळदीचा रंग मिसळला, मावळती वाटेल इतकाच. डोळ्याखाली ओघळलेला काळपट डाग, जो किती तरी बैलांना असतो, तो गडद केला, लांबवला, आणि त्याचा अश्रू झाला. मानेमागचं सगळं कापून टाकलं. नुसता चेहरा उरला, चेहऱ्यात नुसता डोळा... किती सोपं होतं हे! माऊस ओढला की दुःख वाढत होतं. पण कुणाचं? त्या सकाळी आई रडली, शेजारची गोदावरीबाईसुद्धा रडली, आणि मी लेन्स पुसत उभी राहिले, जशी काही सगळी धूळ तिच्यावरच बसली होती...

बाबा आले ते शेतावरून, हातात पळसाची पानं घेऊन.

“बसा नं जी बाबा.”

ते बसले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले.

“हा रडून राहिला काहून?”

“तसं... बरं दिसते, बाबा.”

“तो रडला नव्हता, बाई. मी पाठ फिरवून होतो, तरी मले मालूम हाये. गाडीत चढेपर्यंत तोंड हालवून राहिला होता.” त्यांनी पडद्याच्या कडेला, मान संपत होती तिथे बोट लावलं. “अन् खांदा? खांदा कुठं गेला?”

तृप्तीनं बाबांच्या हातातल्या पानांकडे पाहिलं. आज खांदमळणी! खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं तो मळायचा, आणि तिथेच वाकून म्हणायचं — आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. नुसत्या चेहऱ्याला कोण आवतन देतं! बैलांच्या घरात वाढले, आणि खांदाच कापून बसले.

ती एकेक बदल मागे घेत गेली. अश्रू आटला, माशा परतल्या, भिंत उजळली. आणि कडेनं खांदा आला — जुवाच्या घट्ट्यानं काळा पडलेला, केस झडलेला, ओबडधोबड. डोळा आता काहीच बोलत नव्हता. कबऱ्या आपला चघळत होता, आपल्याला कुठे नेताहेत याची गंधवार्ताही नसल्यासारखा. आणि त्याचं ते दुःख नसणंच तिला सोसवेना. ठिपका तेवढा राहू द्यावा का... तेवढाच? तिनं तोही पुसला.

“आता आपला वाटते,” बाबा म्हणाले. मग पानं या हातातून त्या हातात घेत: “तिकडं त्याचा खांदा कोणी मळून राहिला असन का वो?”

तिनं प्रिंटची कळ दाबली. प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर येऊ लागला, आधी शिंगं, मग डोळा, मग ओल्या शाईतला खांदा — आणि तिनं नकळत त्यावर तळवा ठेवला. कागद गुळगुळीत होता. तरी हाताला तो घट्टा लागला, लहानपणी दरवर्षी लागायचा तसाच, खरखरीत आणि कोमट... हात काढायला हवा, शाई फिसकटेल, हे कळत होतं. पण ती तशीच उभी राहिली.